वाढत्या वयातील कण्याचा बाक

‘सरळ बस, पोक काढू नकोस’ हे वाक्य ज्या घरात कानी पडत नाही असे घर विरळाच. त्यामुळे अकरा-बारा वर्षांच्या मुलीचा एक खांदा दुसऱ्याहून वर दिसू लागला, तरी घरातील मंडळी तो बसण्याच्या सवयीचा दोष समजतात, दप्तराच्या ओझ्याला बोल लावतात आणि मुलीला दिवसातून दहा वेळा टोकतात. पोक काढणे ही सवय आहे. मनावर घेतले की ती सुटते. स्कोलिऑसिस, म्हणजे पाठीच्या कण्याला एका बाजूस आलेला बाक, ही सवय नव्हे. टोकल्याने तो जात नाही आणि दप्तराने तो येतही नाही.

मागून पाहिले असता निरोगी कणा ओळंब्यासारखा सरळ दिसतो. स्कोलिऑसिसमध्ये तो बाजूला वळतो, आणि वळता वळता मणके स्वतःभोवती पिळलेही जातात. त्यांच्याबरोबर बरगड्या फिरतात व पाठीची एक बाजू उंच होते. एक्स-रेवर हा बाक अंशांत मोजतात, न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितलेली रीत आजही जगभर प्रचलित आहे. बाक १० अंश वा त्याहून अधिक असेल तरच त्याला स्कोलिऑसिस म्हणतात. काही मुलांत मणक्यांची घडणच जन्मतः सदोष असते, काहींत स्नायूंचा किंवा मज्जासंस्थेचा विकार मुळाशी असतो. परंतु वयात येताना दिसणाऱ्या बहुतेक बाकांचे नेमके कारण वैद्यकशास्त्राला अद्याप सापडलेले नाही. या वयाच्या शंभर मुलांत दोघा-तिघांना तो आढळतो. लहान बाक मुलगे व मुली यांत जवळजवळ सारखेच. वाढत जाऊन उपचार घ्यावे लागणारे मात्र मुलींत कितीतरी अधिक.

घरी पाहण्याची रीत अगदी सोपी आहे. मुलाला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळहात जोडून कमरेतून पुढे वाकावयास सांगावे आणि मागे उभे राहून पाठीवर नजर टाकावी. तागडीची दांडी कलावी तशी पाठीची एक बाजू वर दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. एकोणिसाव्या शतकातील लंडनचे शल्यवैद्य विल्यम ॲडम्स यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. एका बाजूचा खवाटा पुढे आलेला, कमरेची एक बाजू अधिक खोल, कुर्त्याची कड एकीकडे उचललेली, ही आणखी लक्षणे. आईच्या आधी हे शिंप्याच्या ध्यानात यावे, यात नवल नाही. कारण नेमक्या याच वयात मुलगी लाजू लागते, ओढणी घेऊ लागते आणि तिची उघडी पाठ घरात कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. बाक सहसा दुखतही नाही. (पाठ खूप दुखत असेल, पायांत मुंग्या वा अशक्तपणा असेल, तर दुसरे कारण शोधावे लागते.)

पुष्कळदा लक्षात येऊनही बोलले जात नाही. ‘चार लोकांत बोभाटा नको, उद्या स्थळे पाहावयाची आहेत,’ असे म्हणून गोष्ट झाकली जाते, किंवा तेलमालिशीत आणि हाडवैद्याच्या फेऱ्यांत वर्ष निघून जाते. या झाकपाकीची किंमत मुलीलाच मोजावी लागते. मुलींची उंची मासिक पाळी सुरू होण्याच्या आधीच्या महिन्यांत सर्वांत वेगाने वाढते आणि त्यानंतर साधारण दोन वर्षांत वाढ संपत येते. बाकही त्याच महिन्यांत धावतो, आणि पट्ट्याचा म्हणजे ब्रेसचा उपयोगही वाढ शिल्लक असेपर्यंतच होतो.

वाढ ही शत्रूही असते आणि साहाय्यकही, हे लंडनजवळील रॉयल नॅशनल ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या डॉ. मिन मेहता यांनी तान्ह्या मुलांत दाखवून दिले. २००५ मध्ये त्यांनी १३६ बालकांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सुमारे दीड वर्षाच्या वयात प्लास्टरचे उपचार सुरू झालेल्या ९४ मुलांचे कणे वाढता वाढता सरळ झाले. सरासरी अडीच वर्षांच्या वयात, उशिरा आलेल्या ४२ मुलांचा बाक कमी झाला, पण गेला नाही. अंतर केवळ वर्षभराचे.

किशोरवयात २५ अंशांखालील बाकावर बहुधा दर चार-सहा महिन्यांनी लक्ष ठेवणे पुरते. २५ ते ४० अंशांच्या दरम्यान, वाढ बाकी असल्यास, ब्रेस देतात. अमेरिका व कॅनडात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या मर्यादेखाली राहिला. ब्रेसविना ४८ टक्के. दिवसाला सुमारे तेरा तासांहून अधिक काळ ब्रेस घालणाऱ्यांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले. ब्रेस बाक थोपवतो. असलेला बाक तो पुसून टाकीलच असे नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. उन्हाळ्यात तो घालणे सोपे नाही. आत सुती बनियन, खेळताना व स्नानाच्या वेळी सूट, आणि तास कसे विभागावयाचे यात मुलीचे स्वतःचे मत, एवढ्याने पुष्कळ निभते. विशिष्ट व्यायाम जोडीला चांगले. ब्रेसच्या जागी नव्हेत.

४५-५० अंशांपलीकडे शस्त्रक्रियेचा विचार होतो. मणक्यांत स्क्रू व सळ्या बसवून तेवढा भाग कायमचा जोडतात. तेवढी लवचिकता जाते. मज्जारज्जूला इजा होण्याची भीती घरोघरी असते. आता शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूच्या संदेशांवर यंत्राने सतत लक्ष ठेवले जाते, आणि निरोगी किशोरांत अशी इजा शंभरात एकाहूनही कमी जणांना होते.

स्थळांच्या चिंतेविषयीही थोडे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे मागोवा घेतला. त्यांचे आयुर्मान व कामकाज बहुतांशी इतरांसारखेच होते. पाठदुखी आणि रूपाविषयीची खंत मात्र अधिक. फार मोठ्या बाकांत धाप लागण्याचा त्रास होता. बाक असलेल्या किंवा शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियाही माता होतात. प्रसूतीच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना पूर्वकल्पना द्यावी, कारण कमरेतून भूल देणे कधी अवघड जाते. धावपटू उसेन बोल्टच्या कण्यालाही बाक आहे, हे त्याने स्वतः सांगितले आहे.

हा बाक कुटुंबात उतरू शकतो. घरातील एका मुलाला तो आढळला, तर धाकट्या भावंडांनाही दर सहा महिन्यांनी एकदा तसेच वाकवून त्यांची पाठ पाहावी. मुलींची दहाव्या वर्षापासून, मुलांची बाराव्या वर्षापासून.