‘आमचे मिस्टर’ म्हणजे कोण?

“आमचे मिस्टर आज रात्रपाळीला आहेत.” “पिंकीचे डॅडी आले का?” “समोरच्या आंटींनी डबा दिलाय.”

चेंबूरच्या कोणत्याही सोसायटीच्या जिन्यात थोडा वेळ थांबलात, तर अशी वाक्ये सहज कानांवर पडतील. या वाक्यांत तीन मोठ्या माणसांचा उल्लेख आला, पण त्यांपैकी एकाचेही नाव आले नाही! गंमत आहे की नाही?

वडीलधाऱ्यांचे नाव थेट न घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी बायको नवऱ्याला ‘हे’ किंवा ‘स्वारी’ म्हणे. नाव घ्यायचे ते उखाण्यात. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पतीचा उल्लेख ‘टिळक’ असा आडनावानेच केला आहे. मुलाच्या नावावरून आईबापांना ओळखण्याची पद्धत तर जगात पुष्कळ ठिकाणी आढळते. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८८९ साली तिला ‘टेक्नॉनिमी’ असे नाव दिले. ‘टेक्नॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत मूल.

नाव टाळण्यामागे नेहमी आदरच असतो असे नाही. कधी भीतीही असते. रात्री सापाला ‘लांबडे’ म्हणतात, ते यामुळेच. रशियन भाषेत अस्वलाला ‘मेदवेद’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘मध खाणारा’!

मग या कामाला इंग्रजी शब्द कसे आले? चेंबूरच्या वस्तीकडे पाहा. १९४७ च्या फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासितांची छावणी वसली. तमिळ, मल्याळी, पंजाबी कुटुंबेही आली. एकाच मजल्यावर चार भाषा नांदू लागल्या, की शेजारणीला ‘काकू’ म्हणावे की आणखी काही, असा प्रश्न पडतो. शिवाय मराठीत काकू, मामी, मावशी, आत्या ही चार वेगळी नाती आहेत. ‘आंटी’ या एकाच शब्दात ती सगळी मावतात. नाते सांगायचे नसेल, तर असा सैल शब्द सोयीचा पडतो.

मात्र आपल्याकडे येताना हे शब्द थोडे बदलले. इंग्रजीत ‘मिस्टर’ हा शब्द सहसा आडनावाच्या आधी लागतो. आपण त्याचा अर्थच ‘नवरा’ असा केला! हा शब्द ‘मास्टर’चेच झिजलेले रूप आहे. त्याचे मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’, म्हणजे प्रमुख किंवा शिक्षक. आपला ‘मास्तर’ त्याच कुळातला. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला ‘मिस्त्री’ही त्यांचा भाऊबंदच! काही गृहस्थ पत्नीला ‘फॅमिली’ म्हणतात. लॅटिनमधील ‘फॅमिलिया’ म्हणजे घरातील नोकरचाकरांसह सारा परिवार. आपण तो शब्द एकाच व्यक्तीवर आणून ठेवला.

आता यातील शास्त्र पाहू. ‘चेंबूर’ हा शब्द कोणीही उच्चारला, तरी ठिकाण तेच राहते. ‘आई’ शब्दाचे तसे नाही. तुम्ही ‘आई’ म्हणालात की एक व्यक्ती, तुमचा मित्र म्हणाला की दुसरी! बोलणारा बदलला की व्यक्ती बदलते. मिस्टर, डॅडी, आंटी हे शब्द असेच परस्वाधीन आहेत. ऐकणाऱ्याला बोलणारा माहीत असेल, तरच त्यांचा उलगडा होतो. जिन्यात ते चोख काम करतात; स्टेशनच्या गर्दीत मात्र निरुपयोगी ठरतात. हरवलेल्या मुलाला “तुझ्या आईचे नाव काय?” असे विचारले आणि त्याने “मम्मी” असे उत्तर दिले, तर ध्वनिक्षेपकावरून कोणाला बोलावणार?

आडून बोलण्याची ही सवय आणखी एक गोष्ट करते. ‘मिसेस अमुक’, ‘पिंकीची मम्मी’ म्हणता म्हणता बाईचे स्वतःचे नाव मागे पडते. मुलाच्या पूर्ण नावात वडिलांचे नाव येई, आईचे येत नसे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नावही लिहावे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला. शब्दांचा प्रश्न असा कागदापर्यंत पोहोचतो.

तुम्हालाही एक प्रयोग करता येईल. आठवडाभर एक वही जवळ ठेवा. मोठी माणसे एकमेकांचा उल्लेख कोणत्या शब्दांनी करतात ते टिपा. कोण बोलले त्याचे नाव लिहू नका. फक्त शब्द, आणि बोलणारा पुरुष की स्त्री, तरुण की वृद्ध, एवढेच नोंदवा. “तुम्ही नवऱ्याला काय म्हणता?” असे मात्र विचारू नका, कारण विचारले की माणसे जपून बोलतात. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ साली न्यूयॉर्कच्या दुकानांत एक युक्ती केली. त्याला लोकांचा ‘र’चा उच्चार ऐकायचा होता. म्हणून ज्याचे उत्तर ‘चौथा मजला’ असेच येईल, असा प्रश्न तो दुकानातील नोकरांना विचारी. इंग्रजीत या दोन्ही शब्दांत ‘र’ आहे ना!

वही भरली की शब्दांची मोजणी करा. ‘हे’ अधिक वेळा आले की ‘मिस्टर’? आजीच्या तोंडी कोणता शब्द होता, ताईच्या तोंडी कोणता? आणि शेवटच्या पानावर समोरच्या आंटींचे पूर्ण नाव लिहून पाहा. येते का तुम्हाला?