विश्लेषण : उद्योजक मेळाव्यातून धंदा खरेच मिळतो का?

दादर, परळ, गिरगावच्या सभागृहांत शनिवार-रविवारी उद्योजकांचे मेळावे भरतात. छोटे व्यावसायिक अर्धा दिवस दुकान बंद ठेवून, प्रवेशशुल्क भरून तिथे जातात आणि खिसाभर व्हिजिटिंग कार्डे घेऊन परततात. त्यातली बरीचशी कार्डे पुढे गल्ल्याच्या खणात पडून राहतात. मग या गाठीभेटींचा उपयोग कोणाला होतो आणि कसा?

गिरणगावाला हे नवे आहे का?

ओळखीवर धंदा करणे इथे जुनेच आहे. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद झाला तेव्हा उघड्यावर आलेल्या कोळी आणि इतर विक्रेत्यांनी कायमच्या जागेसाठी एकत्र नवस बोलला, जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये गणपती बसवला, असे लालबागच्या राजाच्या मंडळाचा इतिहास सांगतो. मोठ्या उद्योजकांची सोय त्याआधीच झाली होती. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभे राहिले.

छोट्या दुकानदाराला मात्र चेंबरची गरज नव्हती. त्याची माणसे चाळीत, गिरणीत आणि मंडळात होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. आज लालबागच्या मसालेवाल्यापासून लोअर परळचे ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण तिथला खरेदी अधिकारी त्या गल्लीत कधी फिरकत नाही. ही दरी भरण्याचे काम आता मेळाव्यांकडे आले आहे.

क्लब आणि खुला मेळावा यांत फरक काय?

खुल्या मेळाव्यात शे-दोनशे माणसे एकदाच भेटतात. क्लबमध्ये तीच तीस-चाळीस माणसे पुन्हा पुन्हा भेटतात आणि एकमेकांना ग्राहक सुचवतात. अभियंता माधवराव भिडे यांनी २००० मध्ये मराठी उद्योजकांसाठी सुरू केलेला सॅटर्डे क्लब हे याचे ओळखीचे उदाहरण. बीएनआय ही इव्हान मिस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेली संस्था. तिच्या प्रत्येक गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, म्हणजे आपल्याच टेबलावर स्पर्धक बसत नाही. नव्याने धंद्यात पडलेल्याने आधी पाहुणा म्हणून दोन-तीन ठिकाणी जाऊन यावे, सदस्यत्वाची घाई करू नये.

जवळची माणसे असताना अनोळखी गर्दीत कशाला?

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या गाजलेल्या लेखात याचे उत्तर दिले आहे. बोस्टनजवळ नुकतीच नोकरी बदललेल्या आणि ती ओळखीतून मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारले, की सांगणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणारे निघाले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. कारण साधे आहे. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. अभ्यास नोकऱ्यांचा होता, ऑर्डरींचा नव्हे. तरी मेळाव्यात आपल्याच गाववाल्यांच्या घोळक्यात जेवण उरकणाऱ्याने तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मिनिटभरात काय सांगायचे?

बहुतेकांचा मिनिट इथेच वाया जातो. ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे घरगुती मसाले योग्य दरात मिळतील’ हे वाक्य ऐकून कोणालाच कोणी आठवत नाही. त्याऐवजी मसालेवाल्याने असे म्हणून पाहावे : ‘परळ-प्रभादेवीच्या ऑफिस कँटीनना महिन्याला वीस-तीस किलो मालवणी मसाला एकाच चवीचा देऊ शकतो. कँटीन चालवणारे कोणी तुमच्या माहितीत आहे का?’ आता समोरच्या चाळीस जणांपैकी एखाद्याला भाच्याच्या ऑफिसचे कँटीन आठवते. दादरच्या फुलवाल्याने ‘सगळी सजावट करतो’ म्हणण्यापेक्षा ‘साखरपुड्याची सजावट, छोटे हॉल’ एवढेच म्हटले तर तो लक्षात राहतो.

नेमके मागायला भीड वाटते, ही खरी अडचण. आपण काम मागतो आहोत असे दिसू नये म्हणून माणसे आपला पसारा सांगत बसतात. समोर बसलेलाही कामच शोधायला आलेला असतो, हे विसरले जाते. त्यामुळे त्यालाही विचारावे : ‘तुम्हाला कोणते गिऱ्हाईक हवे आहे?’ हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून विचारणारा ध्यानात राहतो.

मेळावा संपल्यावर?

कार्ड हातात आले की त्याच्या मागे दोन शब्द लिहावेत : कुठे भेटलो, काय बोललो. पन्नास कार्डांपेक्षा अशी पाच बरी. दोन दिवसांत फोन करून पंधरा मिनिटांचा चहा ठरवावा, शक्यतो त्यांच्या दुकानात किंवा ऑफिसात. सगळे नंबर एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून रोज सुप्रभात पाठवणे म्हणजे संपर्क नव्हे. तो नंबर लोक दुसऱ्याच दिवशी म्यूट करतात.

ओळखीत उधारी अडकली तर?

ओळखीच्या धंद्यात दर आणि मुदत तोंडीच ठरते, आणि वाद तिथेच होतो. उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या, ‘उद्यम’ नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांना २००६ च्या कायद्याचे संरक्षण आहे. लेखी करार असेल तर खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास व्याज लागते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी असूनही हा लाभ मिळत नाही. पहिल्याच ऑर्डरला दर, मुदत आणि वाहतूक कोणाची, हे व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्यावे. मित्र दुखावत नाही. दुखावलाच तर उधारी किती दिवस राहील याचा अंदाज तरी येतो.

खर्च निघतो का?

समजा वर्षभराचे शुल्क, नाश्ता, प्रवास आणि बंद दुकानाचे नुकसान मिळून ४० हजार रुपये झाले. नफा शेकडा २० असेल तर नुसता खर्च भरून निघायला या ओळखींतून दोन लाखांची विक्री व्हायला हवी. मसालेवाल्याची वर्षाची मोठी उलाढाल मार्च ते मे या हंगामात होते, म्हणजे त्याने ओळखी दिवाळीनंतरच जोडायला घ्याव्यात. पहिल्या सहा महिन्यांत हिशेब बहुधा तोट्याचाच दिसेल. म्हणून वहीत दोन रकाने ठेवावेत : आपल्याला कोणी काम दिले आणि आपण कोणाला दिले. वर्ष संपताना दुसरा रकाना कोरा असेल, तर पहिला का भरला नाही हे क्लबच्या अध्यक्षांना विचारायला जाण्याची गरज नाही.