सहा सिलिंडर आणि बेताचा खिसा

सकाळी साडेसहाला आरे कॉलनीच्या रस्त्यावर गाडी घेऊन गेलं की एक मोठी सोय होते. दोन्ही बाजूंना झाडी आणि रहदारी तुरळक, त्यामुळे इंजिन काय बोलतंय ते नीट ऐकू येतं. शिवाय गोरेगावहून पवईकडे जाताना चढ-उतार लागतात, त्यामुळे गाडीचा दमही कळतो. माझ्या वडिलांची डॉज किंग्जवे १९५१ची. आरेच्या दुग्धवसाहतीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं तेही १९५१ सालीच. म्हणजे रस्ता आणि गाडी तशी एकाच वयाची. पण तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावरच्या एका चढावर आमच्या गाडीनं मान टाकली. बॉनेटमधून वाफ, काटा लाल खुणेवर आणि इंजिनाचे सहापैकी जेमतेम चार सिलिंडर चालू.

ही गाडी अमेरिकन घराण्याची, पण तिचं मुंबईशी नातं जवळचं. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडल्या जात. पुढे फियाट आणि प्रीमियर पद्मिनीनं त्यांना मागे टाकलं. २०२३ साली पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच हळहळ व्यक्त झाली. डॉजसाठी हळहळणारे मात्र फार थोडे उरले आहेत.

गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला, 'इंजिन बसलंय. बोअर करावं लागेल, नाहीतर एखादं डिझेल इंजिन टाकून द्या.' घरातही मुलाचं मत तेच पडलं. डिझेलचा खर्च दीड-दोन लाखांचा आणि माझ्या पेन्शनमधून बाजूला पडलेले होते पन्नास हजार. पण अडचण फक्त पैशांची नव्हती. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, मात्र ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणजे डिझेल बसवलं की गाडी धावली असती, पण तिची ओळख गेली असती.

आता हे इंजिन जपावं असं त्यात आहे तरी काय? सहा सिलिंडर एका रांगेत उभे. पहिला आणि सहावा पिस्टन एकत्र वर येतात, तसेच दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा. या तीन जोड्यांचे हिसके एकमेकांना पुरते खोडून काढतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात थोडी थरथर उरतेच, इथे ती उरत नाही. शिवाय क्रँकच्या दर १२० अंशांना एक स्फोट होतो, म्हणून ओढ सलग लागते. मर्सिडीजनं मध्यंतरी ही रचना सोडली होती, पण २०१७ साली ती पुन्हा तिच्याकडेच वळली.

खिसा बेताचा असला की पहिला नियम, आधी मोजावं आणि मग खोलावं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजनं मोजला. चार ठीक निघाले, पाचवा आणि सहावा पडलेले. मग त्या दोघांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं. ऑइलनं दाब वाढला तर रिंगा झिजल्यात असं समजावं, कारण ऑइल तेवढ्यापुरती फट बुजवतं. नाही वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये असण्याचा संभव जास्त. आमचा काटा जागचा हलला नाही. म्हणजे बोअर करायची गरजच नव्हती.

या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसतात, ते सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले असतात. हेड म्हणजे बिडाचं नुसतं झाकण. ते उतरवलं तर मागच्या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलेले. पण मागचेच का? रेडिएटर तर दोनदा साफ करून घेतला होता.

याचं उत्तर ब्लॉकच्या पोटात होतं. वॉटर पंपाच्या मागून पत्र्याची एक लांब नळी आत जाते. तिला भोकं असतात, त्यांतून थंड पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास सोडलं जातं. सत्तर वर्षांत ती गंजून तिची चाळण होते. मग पाणी पुढेच सांडतं, मागच्या सिलिंडरांना तहानलेलंच राहावं लागतं. रेडिएटर आणि पंप काढून आकडा घालून ओढली, तर नळी तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. कुर्ल्याच्या भंगार बाजारात हिंडून पितळी पत्रा मिळवला आणि जुन्या तुकड्यांच्या मापानं नवी नळी करून घेतली. साऱ्या दुखण्याचं मूळ ही एक नळी होती. व्हॉल्व्ह नुसते बदलले असते, तर वर्षभरात पुन्हा जळले असते.

दोन व्हॉल्व्ह नवे घातले, बाकीचे पेस्ट लावून हातानं घासून बसवले. त्याला पैसे लागले नाहीत, दोन रविवार लागले.

मग उरलेल्या पैशांत ताकद वाढवण्याचा विचार केला. एका सिलिंडरची जागा ५९५ घन सेंटिमीटर, तिथलं मिश्रण सातास एक या प्रमाणात दाबलं जातं. हेडचा तळ यंत्रावर थोडा तासला की स्फोटाची जागा लहान होते आणि दाब वाढतो. मी सव्वा मिलिमीटर तासून घेतलं, प्रमाण पावणेआठच्या आसपास गेलं. यापुढे हाव धरू नये, कारण उघडलेला व्हॉल्व्ह हेडला आपटला तर सगळंच मुसळ केरात. म्हणून नातीच्या खेळण्यातली रंगीत माती व्हॉल्व्हवर ठेवली, हेड बसवलं, इंजिन हातानं फिरवलं आणि दबलेल्या मातीची जाडी मोजली. जागा पुरेशी होती.

आजचं पेट्रोल इथे मदतीला येतं आणि त्रासही देतं. त्यात २० टक्के इथेनॉल असतं. त्याचा ऑक्टेन जास्त, त्यामुळे वाढलेल्या दाबाला इंजिन ठोके देत नाही. पण जुन्या रबराला इथेनॉल खातं. म्हणून पंपाचा पडदा आणि सगळे होज त्याला टिकणारे घातले. इथेनॉलला हवा कमी लागते, तेव्हा कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा केला.

विजेचं काम सर्वांत स्वस्तात झालं. गाडी ६ व्होल्टची. व्होल्टेज निम्मं असलं की त्याच कामाला करंट दुप्पट लागतो. कोणीतरी पूर्वी १२ व्होल्टच्या गाडीच्या बारीक केबल बसवल्या होत्या. त्या काढून जाड घातल्या, अर्थची जागा घासून चकचकीत केली आणि स्टार्टर पहिल्याच झटक्यात फिरू लागला.

एकूण खर्च त्रेचाळीस हजार झाला. ब्लॉक तोच आहे आणि त्यावरचा नंबरही. परवा पहाटे चाचणीसाठी पुन्हा त्याच चढावर गेलो. शेजारी मुलगा बसला होता. गाडी टॉप गिअरमध्ये न कुरकुरता चढली, काटा मधोमध राहिला. वर पोचल्यावर सावलीत थांबलो, इंजिन चालूच ठेवलं. मुलानं खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि हेडवर कडेवर उभं केलं. ते पडलं नाही.

परतताना त्यानं विचारलं, 'बाबा, नोंदणीचा अर्ज केव्हा भरायचा?'

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)