दमट हवा आणि कॉम्प्रेसरची निगा

एअर कॉम्प्रेसर हवा ओढून टाकीत दाबून भरतो. तळा तालुक्यासारख्या किनाऱ्याजवळच्या, पावसाळी भागात त्या हवेबरोबर बाष्पही आत जाते. 30 अंश सेल्सिअसला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरात सुमारे 30 ग्रॅम पाणी असते. 7 बार दाबासाठी अशी आठ घनमीटर हवा एका घनमीटरात कोंबली जाते आणि ती पुन्हा थंड झाली की 200 ग्रॅमच्या वर पाणी टाकीत साचते. टाकी आतून गंजण्याचे हेच मोठे कारण आहे.

म्हणून टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक रोज उघडावा. आधी तांबूस पाणी येते; नुसती हवा येईपर्यंत तो उघडा ठेवावा. पाण्यावर दुधाळ तेलाचा थर दिसू लागल्यास वंगण हवेत जात असल्याचे समजावे. ऑइलची पातळीही रोज पाहावी.

दर आठवड्याला एअर फिल्टर साफ करावा आणि पट्ट्याचा ताण तपासावा. सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. 3 मिलिमीटरच्या भोकातूनही सेकंदाला सुमारे 10 लिटर हवा वाया जाते आणि तेवढी वीजही.

सेफ्टी व्हॉल्व्हची चाचणी मात्र कधीच टाळू नये. दाबाखालील यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 31 होते. गंजलेली टाकी फुटली तर जीव जातो. रोजची पाच मिनिटे तो धोका बराच कमी करतात.