मेंदूच्या प्राणवायूचा जमाखर्च

देहाच्या वजनात ज्याचा वाटा जेमतेम 2 टक्के, तो मेंदू शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटाच खर्च करतो, आणि तरीही त्याच्या पदरी शिल्लक म्हणावी अशी काहीच नसते. अशा हातावर पोट असलेल्या इंद्रियावर आघात होतो तेव्हा पहिला घाव क्षणात होऊन जातो आणि त्यावर कोणाचीच मात्रा चालत नाही. परंतु पुढील काही दिवसांत सूज, रक्तस्राव व घसरलेला रक्तदाब यांमुळे प्राणवायूची जी तूट पडते, तो दुसरा घाव टाळण्यासाठीच अतिदक्षता विभागातील सारा बंदोबस्त असतो.

कवटी ही ताठर पेटी आहे, हे एडिंबरोच्या अलेक्झांडर मन्रो यांनी 1783 सालीच सांगून ठेवले होते. आत सूज आली की दाब चढतो, आणि हा दाब सरासरी रक्तदाबातून वजा करून जो उरेल तेवढ्याच जोरावर रक्त मेंदूत शिरते: रक्तदाब 80 आणि कवटीतला दाब 25 असेल तर हाती उरतात 55, आणि हवे असतात 60 ते 70. आता कृत्रिम श्वसनयंत्राची गती वाढवली की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यासरशी मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि कवटीतील दाब झटकन उतरतो. म्हणून हा उपाय कित्येक वर्षे सर्रास, खबरदारी म्हणूनही, योजला जात असे. पण आकसलेल्या वाहिनीतून रक्तही कमीच जाणार! 1991 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत असा दीर्घकाळ जलद श्वास दिलेले काही रुग्ण इतरांहून मागे पडल्याचे दिसून आले, आणि दाबाचा आकडा सुधारला म्हणजे मेंदू सुधारला, हा समज सुटू लागला.

खर्चाची बाजूही तितकीच महत्त्वाची. ताप, झटके, वेदना, हुडहुडी यांनी मागणी वाढते. म्हणून गुंगीची औषधे देतात व ताप चढू देत नाहीत. मात्र सरसकट देह थंड करण्याचा मोह 2018 च्या ‘पोलर’ चाचणीनंतर आवरावा लागला, कारण त्यातून लाभ दिसला नाही. मेंदूत बारीक तार सरकवून तेथील प्राणवायू थेट मोजता येतो व त्याचा दाब 20 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली जाऊ नये असे मानतात. तरी 2023 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत या मोजणीची भर घालूनही रुग्णांच्या अंतिम स्थितीत ठळक फरक पडला नाही.

यंत्रे कितीही येवोत, ही तूट रस्त्यावरच सुरू होते. तेव्हा डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, त्याची मान उगाच हलवू नये, श्वास मोकळा चालला आहे ना हे पाहावे आणि विनाविलंब 108 ला कळवावे.