ऑनलाइन गृहपाठ आणि गणिताच्या अध्यापकाचा नमुना अभ्यासक्रम

महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या अध्यापकापुढे गृहपाठाचा प्रश्न नेहमीच बिकट असतो. शंभर-सव्वाशे वह्या तपासून परत करेपर्यंत वर्ग पुढच्या प्रकरणावर गेलेला असतो. शिवाय एकाची वही चौघांनी उतरविलेली असते, हे माजी विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे मायकेल गेज व अर्नल्ड पायझर यांनी १९९० च्या दशकात निर्माण केलेल्या ‘वेबवर्क’ या प्रणालीत या दोन्ही अडचणींवर उपाय आहे. उदाहरण सर्वांना तेच, मात्र आकडे प्रत्येकाला वेगळे. उत्तर बरोबर की चूक हे तत्काळ कळते आणि अध्यापकाने ठरविलेल्या मर्यादेत पुन्हा प्रयत्न करता येतो. पुढे वॉशिंग्टन राज्यातील पिअर्स महाविद्यालयाचे अध्यापक डेव्हिड लिपमन यांनी ‘मायओपनमॅथ’ उभे केले. तेथे प्रकरणवार उदाहरणसंच रचलेले नमुना अभ्यासक्रम तयार असतात. अध्यापकाने त्याची प्रत घ्यावी, तारखा बदलाव्यात, नको ती उदाहरणे गाळावीत, की काम झाले.

परंतु काम खरोखर झाले काय? यंत्र उत्तर कसे तपासते हे पाहिले म्हणजे शंका येते. वेबवर्क विद्यार्थ्याच्या पदावलीत क्षच्या जागी काही यादृच्छिक संख्या घालते आणि येणाऱ्या किमती अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. युक्ती नामी आहे. एकच उत्तर कोणी कोणत्याही रूपात लिहिले तरी त्याच्यावर अन्याय होत नाही. आता ‘क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा’ हे उदाहरण घ्या. उत्तर (क्ष − २)(क्ष − ३). पण एखाद्या चलाख मुलाने प्रश्नातील पदावलीच उत्तराच्या चौकटीत उतरविली तर? किमती समानच येणार! उदाहरण रचणाऱ्याने उत्तराच्या रूपाची वेगळी अट घातलेली नसेल, तर काहीही न करता त्याला पूर्ण गुण मिळतात. वर्गमूळ असलेल्या पदावलीत निराळीच अडचण: ऋण संख्या घातली की वास्तव किंमतच उरत नाही, म्हणून तेथे संख्यांची कक्षा आखून द्यावी लागते.

आकड्यांचेही तसेच. वर्गसमीकरणाचे सहगुणक वाटेल तसे निवडले, तर एका विद्यार्थ्याला २ आणि ३ ही सुबक मुळे मिळतात, तर शेजाऱ्याच्या वाट्याला काल्पनिक मुळे येतात. जाणता रचनाकार आधी मुळे निवडतो आणि त्यांवरून समीकरण बांधतो.

म्हणून नमुना अभ्यासक्रम वर्गाला देण्यापूर्वी अध्यापकाने तो स्वतः विद्यार्थी होऊन सोडवावा. तोही बरोबर उत्तरे देऊन नव्हे, तर आपले विद्यार्थी करतात त्या चुका मुद्दाम करून. एवढे केल्यावरही पायऱ्या यंत्राला दिसत नाहीतच. त्यासाठी आठवड्यातून एखादे उदाहरण वहीत सोडवून घ्यावे आणि ते मात्र स्वतः वाचावे.