साखर ताब्यात आहे, पण रक्तातल्या चरबीचे काय?

“माझी साखर आता ताब्यात आहे, मग काळजी कशाची?” असे म्हणणारे मधुमेही गावोगाव भेटतात. साखर सांभाळली हे उत्तमच. पण मधुमेह्याचा घात पुष्कळदा होतो तो हृदयविकाराने. म्हणून साखरेबरोबर रक्तातली चरबीही पाहायला हवी.

तुमच्या ठिबकच्या नळ्या आठवा. बाहेरून नळी धड दिसते, आत मात्र क्षार साचत जातात आणि एक दिवस झाड सुकू लागते. रक्तवाहिन्यांचेही तसेच. मधुमेहात ट्रायग्लिसराइड वाढते, एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल घटते आणि एलडीएल या वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक होऊन वाहिनीच्या भिंतीत शिरतात.

यात दुखत काहीच नाही. मज्जातंतू बधिर झालेल्या मधुमेह्याला झटका येतानाही कधीकधी छातीत कळ येत नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम सुटतो, जबडा किंवा हात भरून येतो. अशा वेळी ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा चावत बसू नका. लगेच 108 ला फोन करा.

चरबीची तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. बहुतेक मधुमेह्यांचे एलडीएल 70 च्या खाली, आणि झटका येऊन गेला असेल तर 55 च्या खाली असावे, असे डॉक्टर सांगतात.

चाळिशी उलटलेल्या मधुमेह्याला चरबी फार वाढलेली नसली तरी डॉक्टर बहुधा स्टॅटिनची गोळी देतात. ब्रिटन व आयर्लंडमधील 2,838 मधुमेह्यांवरील अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज 10 मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटले. तेव्हा ‘बरे वाटते’ म्हणून गोळी सोडू नका. अंग फार दुखू लागले किंवा दिवस गेले, तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा.

भगिनींनो, निम्मे औषध तुमच्या हाती आहे. माणशी महिन्याला अर्धा किलो तेल पुरे. डालडा आणि तळून उरलेले तेल टाळा. ताटात भाकरी बेताची, उसळ व पालेभाजी भरपूर वाढा. विडी, तंबाखू, मिश्री घरातून घालवा. रक्तदाबही तपासा. मोटारसायकलवरून शेतात जाणाऱ्यांनी रोज अर्धा तास पायी चालावे.

येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल, तेव्हा बी-बियाण्यांच्या यादीत रक्ततपासणीही लिहून ठेवा.